कळमन्याचं आभाळ

त्याचं नवं चित्र पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं. म्हणण्यापुरतं नाही, खरंच दुखायचं. बायको ओवा द्यायची, मी तो चावत बसायचो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. आज तो नाही. त्याची निसर्गचित्रं मुंबई-पुण्याच्या लोकांच्या दिवाणखान्यात टांगलेली आहेत, आणि ओवा मी अजून खातो.

आम्ही दोघंही नागपुरात ड्रॉइंग मास्तर. मी महालातल्या एका शाळेत, तो लकडगंजकडच्या. त्याचं घरही तिकडेच, आरागिरण्यांच्या मागे. दिवसभर लाकूड चिरल्याचा आवाज आणि अंगणात भुसा. जलरंग आम्ही एकाच सरांकडे शिकलो, एकाच वर्षी शिकलो, एकाच सतरंजीवर बसून शिकलो. मग फरक कुठे पडला? हा प्रश्न मी साठ सालापासून स्वतःला विचारत आलोय.

रविवार उजाडला की सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधायचा, हँडलला पाण्याची बाटली अडकवायची आणि निघायचं. फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, अंगात जोर असला तर कामठी रोडनं थेट कन्हानच्या पात्रापर्यंत. मी पोचलो की लगेच कामाला लागायचो. हा बेटा आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा आणि उकिडवा बसून नुसता बघत राहायचा. माझं झाडन् झाड रेखून व्हायचं तेव्हा कुठे हा म्हणायचा, "पेन्सिल दे गा." पेन्सिल त्याच्याकडे कधीच नसायची. मी घरून टोक करून आणायचो, आणि माझ्याच पेन्सिलीनं तो माझ्यापेक्षा चांगलं काढायचा. आता याला काय म्हणायचं?

सर आमची चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. त्याच्या चित्रापुढे म्हणायचे, "याच्या हातात पाणी खेळतं." माझ्या चित्राकडे वळून म्हणायचे, "तू मेहनती आहेस हो." मेहनती! हमालाला म्हणावं तसं. त्यापेक्षा चित्र फाडून टाकलं असतं तर परवडलं असतं.

घरातही तेच. तो चित्र दाखवायला आला की आमची सौभाग्यवती चहा गॅसवर, म्हणजे तेव्हा स्टोव्हवर, तसाच टाकून यायची. "भाऊजींचं चित्र पाह्यलं का गार वाटते," म्हणायची.

"अन् माझं वं?" मी विचारायचो.

ती विचार करायची. हे तिचं विचार करणं मला फार लागायचं. मग म्हणायची, "तुमचं बी चांगलं असते. साफसुतरं असते."

पण खरी आग पेटायची ती मे महिन्यात. नागपूरचा मे महिना म्हणजे जलरंगवाल्यांचा वैरी. कागद ओला करावा, एका कडेनं निळा रंग सोडावा, आणि ब्रश दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड वाळून खडखडीत. आभाळात पट्टे पडतात, सांडलेला चहा वाळल्यावर त्याच्या कडा राहतात ना, तसे. आमच्यातले शहाणे लोक होळी झाली की रंगपेटी बंद करायचे आणि पावसाळ्यापर्यंत उघडायचे नाहीत. मी हट्टानं उजाडायच्या आत जायचो, तरी पट्टे. आणि हा माणूस भर उन्हात, लू सुटलेली असताना, असं आभाळ काढायचा की ढग कुठे सुरू झाला आणि कुठे विरला ते देवालाही सांगता येऊ नये.

"हे कसं जमते बे तुले?" मी एकदा न राहवून विचारलं.

"काही नाही गा. हात लवकर चालवाचा."

झालं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी हात लवकर चालवायची प्रॅक्टिस केली. वर्तमानपत्रांवर, पाठकोऱ्या कागदांवर, शेवटी अंगणातल्या फरशीवर नुसत्या पाण्यानं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "भिंत पोतून राहिले का चित्र काढून राहिले?" मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. खांदा मात्र आखडला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सिव्हिल लाइन्समध्ये एका कचेरीची नवी इमारत उठत होती. दारातून आत शिरलं की समोरची मोठी भिंत, तिच्यावर नागपूरच्या आसपासचं एक जलरंगातलं चित्र लावायचं ठरलं. एकच. खाली पितळी पट्टीवर चित्रकाराचं नाव. निवड आमच्या सरांवर सोपवली होती. सरांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं, पाऊस लागायच्या आत एकेक मोठं चित्र आणा, त्यातलं एक देऊ.

मला ती भिंत हवी होती. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलं नाही, ना नोकरी, ना घर. आणि खरं सांगायचं तर नुसती भिंतही नको होती. त्याला हरवून हवी होती. तो आजारी पडला आणि ती मला मिळाली, असं झालं असतं तर मला काडीचाही आनंद झाला नसता.

त्याच सुमाराला एका रविवारी आम्ही फुटाळ्यावर बसलो होतो. कडेचं पाणी आटून तळाचा चिखल दिसत होता, म्हशी बसल्या होत्या. माझ्या बारीक ब्रशचे केस गळायला लागले म्हणून मी त्याचा उचलला. ब्रशला टोक आणायला आम्ही लोक तो ओठांत धरतो. घाणेरडी सवय, डॉक्टर ओरडतात, पण जात नाही. मी ब्रश ओठांत धरला आणि थबकलो.

गोड लागला.

रंग मी बरेच चाखलेत. कडवट असतात, मातकट असतात, गोड रंग काही मी ऐकला नव्हता. पुन्हा जीभ लावली आणि आठवलं. लहानपणी तोंड आलं की आई कापसाच्या बोळ्यानं जिभेला लावायची ते. ग्लिसरीन! त्याच्या पेटीत एक बुटकी बाटली असायची. मी विचारलं की म्हणायचा, डोळ्यांत टाकायचं औषध आहे. औषध! लेकाचा पाण्यात ग्लिसरीन घालत होता. ते हवेतली ओल धरून ठेवतं, रंग लवकर वाळू देत नाही. म्हणून त्याचं आभाळ ओलं राहायचं. आणि मी फरशीवर पाणी फासून खांदा मोडून घेत होतो!

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या आगीच्या मागोमाग आनंदाच्या उकळ्याही फुटायला लागल्या. म्हणजे त्याच्या हातात जादूबिदू काही नव्हती, बाटली होती! तो म्हशींकडे बघत खर्रा चघळत होता. मी ब्रश धुऊन जागच्या जागी ठेवला आणि अवाक्षर बोललो नाही.

संध्याकाळी महालातल्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "लेकराचं तोंड आलं काय गुरुजी?"

"हाव."

"मग येवढी मोठी बाटली काहून?"

"दोन लेकरं आहेत ना," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी त्याला सांगितलं की सासुरवाडीला चाललोय, आणि एकटाच कळमन्याकडे सायकल हाणली. आज तिथे संत्र्याचे आणि मिरचीचे ट्रक लागतात, माणसाला पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा उघडं रान होतं. रेल्वेचे रूळ, चार बाभळी, एक छोटी वस्ती. वस्तीतल्या बायांनी खाटांवर लुगडी अंथरून कुरड्या वाळत घातल्या होत्या. मी एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसलो, रेखाटन केलं, आणि मान वर करून पाहतो तर पश्चिमेकडे आभाळ तांब्याच्या जुन्या घागरीसारखं झालेलं. धुळीचं वादळ येत होतं.

एरवी मी बोऱ्याबिस्तर गुंडाळला असता. त्या दिवशी बाटली काढली. किती थेंब टाकायचे हे मला कुठे माहीत होतं? ओतलं. वाटीतलं पाणी पाकासारखं जड झालं. मोठा ब्रश भरून घेतला आणि पिवळा मातकट रंग कागदाच्या वरच्या कडेला सोडला, त्याच्या खाली तांबूस, अगदी खाली जमिनीलगत जांभळट निळा. आणि तो वाळला नाही! गरम वारा तोंडावर मारत होता, माझे ओठ फुटत होते, पण कागद ओलाच. रंग आपले आपण सरकले, एकमेकांत शिरले, धुळीचे लोट आपसूक उठले. मी नुसता बोर्ड इकडे-तिकडे कलवत होतो. तिकडे बाया ओरडत होत्या, "आवं उचला वं कुरड्या, उचला!" मी त्या तांबड्या आभाळाखाली त्यांचं धावणं टिपलं, एकीच्या हातातून सुटलेलं पांढरं लुगडं टिपलं, आणि वादळ अंगावर आलं तेव्हा सदरा काढून चित्रावर धरला आणि उघड्या अंगानं वस्तीकडे पळालो. एक म्हातारी कुरड्यांची परात डोक्यावर घेऊन हसत होती. "मास्तर, कुरड्या वाचवाव का तुमाले वाचवाव?"

घरी आलो. चित्र भिंतीला टेकवून बायकोला हाक मारली. तिनं पाहिलं आणि या वेळी विचार केला नाही. म्हणाली, "बाई गं! त्या बाईच्या कुरड्या वाचल्या का हो?"

मी पाठ फिरवून पाणी प्यायलो. डोळे भरून आले होते, तिला दिसायला नको.

चित्र लवकर वाळेना, हे खरं. आठवडा झाला तरी बोटाला किंचित चिकट लागायचं. वाळेल म्हटलं, जाते कुठे.

सरांच्या घरी दोघं एकाच दिवशी गेलो. त्याचं चित्र फुटाळ्याचं. शांत पाणी, मऊ आभाळ, त्याचं नेहमीचं, सुंदर. मग मी माझं उघडलं. सरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. तो मात्र चित्रापुढे जाऊन उकिडवा बसला. खर्रा चघळायचा थांबला होता. अगदी नाक लागेल इतका जवळ गेला, कोपऱ्यात बोटाचं टोक टेकवलं आणि ते बोट अंगठ्यावर घासलं.

"आभाळ कायच्यानं केलं बे?"

"हात लवकर चालवला," मी म्हटलं. हे वाक्य त्याच्या तोंडावर मारायची मी कधीपासून वाट पाहत होतो!

तो हसला नाही. चित्रात आणि काचेत अंतर राहावं म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायची आमच्यात रीत असते. तिच्यानं चित्राची कड चारी बाजूंनी झाकली जाते. त्यानं विचारलं, "फ्रेम कशी करशील? पुठ्ठा घालशील ना मधात?"

"कायले? काच भिडवूनच लावतो. आभाळ काठापर्यंत दिसलं पाहिजे."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाव, बरोबर आहे," आणि थुंकायला बाहेर गेला.

सर एवढंच म्हणाले, "हे लावा."

दुसऱ्याच दिवशी तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन आमच्याकडे हजर. बायकोला म्हणाला, "वहिनी, यानं मैदान मारलं बरं." माझ्या पाठीवर थाप मारली, चहा प्यायला, हसला. आणि तो गेल्यावर मला बर्फी गोड लागेना. हरल्यावरही हा माणूस इतका मोठ्या मनाचा! त्याच्या जागी मी असतो तर तोंड दाखवलं नसतं. म्हणजे भिंत मी जिंकली, आणि माणुसकीत यानं मला मात दिली. जिंकण्याचं सुखसुद्धा धड पचू देत नव्हता लेकाचा.

तरी ते दोन महिने मी छाती काढून हिंडलो. चित्र लागलं, पट्टी लागली. शाळेचं काही ना काही काम काढून मी त्या कचेरीवरून जायचो आणि दारातून आत डोकावायचो. लोक थांबून बघायचे. एकदा एक खेड्यावरचा माणूस चित्राकडे बघून खांद्यावरचं पटकूर डोक्याला बांधायला लागला.

श्रावण संपता संपता झड लागली. हवा अशी दमट की मीठ बरणीत पाणी होऊन बसलेलं. एका सकाळी त्या कचेरीतला शिपाई सायकलवर शाळेत आला. दारातूनच म्हणाला, "मास्तर, तुमच्या चित्राले घाम सुटला."

धावत गेलो. ग्लिसरीन हवेतली ओल धरतं म्हणालो ना, त्यानं पावसाळ्याची सगळी ओल धरली होती. आभाळ काचेला चिकटलं होतं. तांबडा रंग ओघळून बायांच्या अंगावरून खाली उतरला होता, वर काळ्या बुरशीचे ठिपके. काच सोडवायला मागून बोर्ड काढला, अलगद ओढलं, आणि अर्धं आभाळ काचेबरोबर निघून आलं. उरलेल्या कागदावर नुसते डाग. कचेरीचे साहेब सज्जन होते, म्हणाले, "हवामानाचं कोण काय करणार?" शिपायानं पट्टीचे स्क्रू काढले. पुढच्या आठवड्यात तिथे फुटाळा लागला, पुठ्ठ्याच्या चौकटीत, कोरडा ठणठणीत.

सर म्हणाले, "मेहनत वाया गेली रे तुझी." तो बरेच रविवार आलाच नाही.

चित्राचा फोटो नव्हता. कोण काढणार तेव्हा? पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा कळमन्याला गेलो. थेंब टाकून पाहिले, वाटी ओतून पाहिली, त्याच बाभळीखाली बसलो. आभाळं झाली, बरी झाली, साफसुतरी झाली. ते आभाळ नाही झालं. आणि त्याचं मात्र त्या भिंतीपासून सुरू झालं. आल्यागेल्या मोठ्या लोकांनी फुटाळा पाहिला, नाव वाचलं, पत्ता विचारला. मुंबईला प्रदर्शन, मग पुण्याला, मग पेपरात फोटो, शाल, श्रीफळ. आमचे रविवार परत सुरू झाले, तो पूर्वीसारखाच माझी पेन्सिल मागायचा, आणि मी त्याच्या गळ्यातल्या प्रत्येक हारावर मनातल्या मनात जळत राहिलो. त्या चित्राचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

ऐंशीनंतर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. लोक हळहळले. मीही हळहळलो, पण आत कुठेतरी वाटून गेलं की आता आपण बरोबरीचे. असं वाटलं, काय करू? मी दर रविवारी जायचो. तो खाटेवर पडलेला, बाहेर आरागिरणीचा आवाज, मी शेजारी स्टुलावर. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलणं कळायचं.

एका दुपारी तो छताकडे बघत म्हणाला, "ते कळमन्याचं आभाळ."



"मले माहीत होतं," तो म्हणाला. "सरांच्या घरी बोट लावलं तवाच समजलं. मी थेंब टाकत होतो, तू बाटली रिकामी केली होती. पावसात ते राहणार नव्हतं. पुठ्ठा घातला असता, मागून थोडं उन्ह दाखवलं असतं, तर वाचलं असतं."

"अन् तू मले सांगितलं नाही?"

"नाही."

"विचारत तर होता पुठ्ठ्याचं. जिभेवर आलं होतं ना तुह्या? मग काहून नाही बोलला?"

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून पोटावर ठेवला. मग म्हणाला, "जळलो बे मी. तुह्यावर जळलो. थेंब मोजणाऱ्याच्यानं तसं आभाळ होत नाही. त्याच्यानंतर मीही गेलो कळमन्याले, तुले न सांगता, किती उन्हाळे गेलो. नाही झालं. जे काही शाली-नारळ मिळाले ना, ते त्याच्या खालचेच आहेत."

त्याची बायको, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या, कप ठेवून गेल्या. मी राग यायची वाट पाहत बसलो. यायलाच हवा होता. या माणसानं माझं एकुलतं एक चित्र डोळ्यांदेखत मरू दिलं होतं, माझी भिंत घेतली होती, वर बर्फीचा डबा आणून मला लाजवलं होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर उठून निघून गेला असता.

मी उठलो, दार लोटून घेतलं, आरागिरणीचा आवाज कमी झाला. स्टूल खाटेजवळ ओढलं.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

"काय?"

"जळला होता ते. सावकाश सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.